पांढरी एकच्या षड्जावर उतरवलेली अकूस्टिक गिटार : तारा, नट आणि खुंट्या कशा निवडाव्यात?

प्रश्न विचारणारा : खर्जातला ठाणेकर

नमस्कार. अभंग आणि भावगीतांच्या एका छोट्या मंडळात मी गेली काही वर्षे गिटारची साथ करतो. आमचे गायक बहुधा पांढरी एकमध्ये (म्हणजे सी स्वराला षड्ज मानून) आणि आवाज मोकळा असेल त्या दिवशी काळी एकमध्ये (सी शार्प) गातात. नेहमीच्या स्वरजुळणीत कॉर्ड धरून केलेली साथ अभंगाला जरा उपरी वाटते, म्हणून मी डी-ए-डी-जी-ए-डी ही जुळणी शिकलो. ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, मोरोक्कोच्या प्रवासानंतर, ती रूढ केली असे सांगतात. आपल्या कानाला मात्र ती सरळ सा-प-सा-म-प-सा अशीच ऐकू येते. अडचण एवढीच की हा षड्ज पांढरी दोनचा, म्हणजे डी स्वराचा, आहे. तो पांढरी एकवर आणण्यासाठी मी सर्व तारा आणखी उतरवून सी-जी-सी-एफ-जी-सी अशी जुळणी केली.

गिटार ड्रेडनॉट या मोठ्या खोक्याच्या आकाराची आहे, नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) लांबी २५.५ इंच आहे आणि तिच्यावर फॉस्फर ब्राँझच्या १२-५३ मापाच्या (सर्वांत बारीक पहिली तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड सहावी ०.०५३ इंच) नेहमीच्या तारा आहेत. या जुळणीत सहावी तार जोरात छेडली की पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखरते, पहिली आणि दुसरी तार बोटाखाली दोरीसारखी सैल लागते, आणि पडद्यावर जरा दाब जास्त पडला की स्वर चढतो. शिवाय दोन अभंगांच्या मधल्या वेळेत पुन्हा सूर लावावाच लागतो.

एका दुकानात मला १४-५९ मापाचा जाड संच सुचवण्यात आला. दुसऱ्याने खुंट्या बदलायला सांगितल्या. जाड तारांनी मान वाकेल, ब्रिज उखडेल अशी भीतीही मनात आहे. नेमके काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : त्रैराशिक

आपल्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ एका आकडेमोडीत सापडते, म्हणून आधी ती करू. तारेचा ताण हा तिच्या दर इंचाच्या वजनाशी आणि तिची लांबी गुणिले कंप्रता यांच्या वर्गाशी प्रमाणात असतो. म्हणजे जाडी तीच ठेवून स्वर एक अर्धस्वर (एका पडद्याचे अंतर) उतरवला तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, दोन अर्धस्वरांनी २१ टक्क्यांच्या आसपास आणि चार अर्धस्वरांनी तब्बल ३७ टक्क्यांनी.

आता आपली जुळणी तार-तार करून पाहा, कारण खरी गोम तिथेच आहे. सहावी तार ई वरून सी वर, म्हणजे चार अर्धस्वर उतरली आहे. दुसरी बी वरून जी वर आणि पहिली ई वरून सी वर, म्हणजे त्याही चारच. मधल्या तीन तारा मात्र केवळ दोन-दोन अर्धस्वर उतरल्या आहेत. नेहमीच्या स्वरांत १२-५३ संचाचा एकूण ताण सुमारे १६३ पौंड असतो. आपल्या जुळणीत तो ११८ पौंडांच्या जवळ आला आहे, आणि ही घट सहाही तारांवर सारखी वाटली गेलेली नाही. पहिल्या दोन तारांवर प्रत्येकी २३ ऐवजी जेमतेम १५ पौंड ताण उरला आहे. त्या दोरीसारख्या लागतात यात आश्चर्य ते काय!

म्हणूनच १४-५९ चा तयार संच घेऊ नये असे माझे मत आहे. त्या संचात चौथी तार बहुधा ०.०३९ इंचाची असते. ती आपल्या सी स्वरावर ३६ पौंडांच्या आसपास ताण घेईल, म्हणजे नेहमीपेक्षाही ताठ होईल. त्याच वेळी त्यातली ०.०१८ ची दुसरी तार जी स्वरावर १८-१९ पौंडांवरच राहील. ज्या तारा जाड व्हायला हव्यात त्या पुरेशा होत नाहीत आणि ज्यांना गरज नाही त्या उगाच होतात. हे संच सर्व तारा सारख्याच उतरवणाऱ्यांसाठी ठीक असतात. आपली जुळणी तशी नाही.

माझी निवड अशी असेल : पहिली ०.०१४, दुसरी ०.०१९, तिसरी ०.०२६, चौथी ०.०३५, पाचवी ०.०४५ आणि सहावी ०.०६२. यात पहिल्या दोन तारा २०-२१ पौंडांवर, मधल्या तीन २७ ते २९ वर आणि सहावी साधारण २२ वर येते. एकूण बेरीज १४७ पौंडांच्या आसपास होते, म्हणजे गिटार ज्या भारासाठी बांधलेली आहे त्याहून ती कमीच राहते. ब्रिज उखडण्याची भीती तेवढ्यापुरती मनातून काढून टाकावी. पूर्ण १६३ पौंड परत मिळवायचा अट्टहास मी मुद्दामच केलेला नाही. त्यासाठी सहावी ०.०६६ च्या पुढे न्यावी लागते, आणि इतकी जाड तार एवढ्याशा लांबीवर लोखंडी सळईसारखी वाजू लागते.

खरेदीची सोय म्हणून सांगतो, मधल्या तीन तारा (२६, ३५, ४५) १३-५६ च्या मीडियम संचात आयत्याच मिळतात. पहिली आणि दुसरी तार साध्या पोलादाची असल्यामुळे इलेक्ट्रिक गिटारच्या सुट्या तारांतून घेतली तरी चालते, पोलाद तेच असते. फक्त सहावी शोधावी लागेल. ०.०६० ते ०.०६४ यांपैकी जी सुटी मिळेल ती घ्यावी, पण ती फॉस्फर ब्राँझचीच असावी. इलेक्ट्रिकची निकेल गुंडाळलेली जाड तार लाकडी गिटारवर बसते खरी, परंतु बाकीच्या पाच तारांच्या आवाजात ती मिसळत नाही.

उत्तर २ : रंधा आणि कानस

वरची आकडेमोड मला मान्य आहे, पण ०.०६२ ची तार आणून थेट चढवू नका. आधी नटकडे पाहा. आपल्या नटवरची सहावी खाच ०.०५३ च्या तारेसाठी कापलेली आहे. जाड तार तिच्यात वरच्या वर अडकेल, खाली टेकणारच नाही. मग खुंटी पिळताना काही वेळ स्वर हलत नाही आणि अचानक ‘टिंग’ असा आवाज होऊन तो पुढे उडी मारतो. दोन अभंगांच्या मध्ये आपला सूर हलतो त्यालाही नटची घट्ट खाच हे एक कारण असू शकते, कारण सैल तारेत खाचेतले घर्षण ओलांडण्याइतका जोरच नसतो. खाच तारेच्या जाडीपेक्षा दोन ते तीन सहस्रांश इंच रुंद असावी, तिचा तळ गोल असावा, आणि तार अर्धी आत व अर्धी बाहेर दिसावी. पेन्सिलीचे शिसे खाचेत चोळणे हा जुना उपाय आहे आणि तो खरोखर चालतो.

हे काम नटच्या मापाच्या कानशींनीच करावे. मी स्वतः सुरुवातीच्या काळात घाईने एक खाच घरातल्या त्रिकोणी कानशीने मोठी केली होती. तार खाचेत डावी-उजवी हलू लागली आणि शेवटी हाडाचा नवा नट बसवावा लागला. जुना नट जपून ठेवून जाड तारांसाठी वेगळा नट करून घेतला तर उत्तम. उद्या नेहमीच्या जुळणीवर परत यावेसे वाटले तर मार्ग मोकळा राहतो.

आता खरखरीबद्दल. वरच्या उत्तरात ती सैल तारेवर ढकलली आहे, पण अर्धा दोष मानेचा असावा असा माझा अंदाज आहे. तारांचा ओढा १६३ वरून ११८ पौंडांवर आला तेव्हा ट्रस रॉडला (मानेच्या आतला, तिचा बाक कमी-जास्त करणारा दांडा) विरोध करणारे बळ कमी झाले आणि मान सरळ, किंबहुना किंचित मागे झुकलेली झाली असणार. खरखर नेमकी पहिल्या चार-पाच पडद्यांवरच आहे, हे त्याचेच लक्षण आहे. पहिल्या पडद्यावर कापो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार मान आणि खोके जुळतात तिथे दाबून धरा, आणि सातव्या पडद्यावर तार व पडदा यांच्यातली फट मोजा. नेहमीच्या वादनाला ०.२० मिलिमीटर पुरते; खर्जातल्या तारेचा झोका मोठा असल्याने मी ०.२५ ते ०.३० ठेवतो. ट्रस रॉड सैल करायचा असेल तर एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून तपासणी, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. मात्र नव्या तारा चढवल्यावरच हे करावे, कारण त्या स्वतःच मान काही प्रमाणात पुढे ओढतील. इथे क्रम चुकला की तेच काम दोनदा करावे लागते.

(तंबोऱ्यात जी जवारी, म्हणजे तारेचा झणझणता गुंजारव, काढायला मिरजेचे कारागीर इतकी मेहनत घेतात, तिलाच आपण गिटारवर बिघाड म्हणतो, याची मला नेहमी गंमत वाटते. पण जवारी प्रत्येक सुट्या तारेला सारखी लागते. गिटारची खरखर तिसऱ्या पडद्यावर असते आणि चौथ्यावर नसते, म्हणून ती जवारी नव्हे.)

ब्रिजकडे एकच गोष्ट पाहावी. जाड तारेच्या टोकाचा मणी, तार ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या पिनच्या टोकावर न अडकता, आतल्या लाकडी पट्टीला टेकला पाहिजे. तार पिनच्या खाचेत मावत नसेल तर पिनची खाच थोडी मोठी करावी किंवा ब्रिजच्या छिद्राच्या कडेला बारीक खाच घ्यावी, पण पिन ठोकून बसवू नये. जाड तारांना मण्याजवळ जो दुहेरी पीळ असतो तो सॅडलवर येत नाही ना, हेही तपासावे. आला तर आवाज दबतो.

खुंट्यांचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतला. १४:१ च्या ऐवजी १८:१ प्रमाणाच्या (खुंटी अठरा वेळा फिरवली की तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो अशा) खुंट्या लावल्या तर सूर बारीक लावता येतो हे खरे, आणि सैल तार खुंटीच्या किंचित हालचालीनेही जास्त सरकते हेही खरे. परंतु खुंटीत दोष नसेल तर नुसती ती बदलून सूर टिकणार नाही. नटचे काम झाल्यावरही गरज वाटली तरच बदला, आणि घेण्यापूर्वी डोक्यावरच्या छिद्राचा व्यास व मागच्या स्क्रूची जागा जुळते का ते मोजा. नवी छिद्रे पाडावी लागतील अशी खुंटी कितीही चांगली असली तरी मी लावत नाही.

उत्तर ३ : मंद्रसप्तक

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण एका मुद्द्यावर मी वेगळे मत मांडतो. ‘दाब जास्त पडला की स्वर चढतो’ ही तक्रार साधी तार जाड केल्याने सुटणार नाही. साध्या पोलादी तारेची जाडी वाढवली की एकाच स्वरावर तिचा ताण आणि तिचे क्षेत्रफळ एकाच प्रमाणात वाढतात. त्यामुळे तार जितकी ताणली जाईल त्या मानाने स्वर किती चढावा, हे जाडीवर ठरत नाही. तार मूळ स्वरापेक्षा किती खाली लावली आहे यावर ठरते. चार अर्धस्वर खाली आलेली पहिली किंवा दुसरी तार तेवढ्याच ताणण्याने जवळजवळ दीडपटीहून अधिक चढते, मग ती ०.०१२ ची असो वा ०.०१४ ची. जाड तार बोटाला जास्त विरोध करते, म्हणून आपण तिला कमी वेडीवाकडी दाबतो. फायदा असलाच तर एवढाच.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. त्यांची तिसरी तार याच जी स्वराला आणि जवळपास याच जाडीची, साधी, न गुंडाळलेली असते, आणि सर्वांत जास्त त्रास तीच देते.

गुंडाळलेल्या तारेचे गणित वेगळे आहे. तिथे ताण प्रामुख्याने आतला पोलादी गाभा पेलतो आणि बाहेरचे ब्राँझ फक्त वजन वाढवते. म्हणून आपल्या दुसऱ्या तारेसाठी ०.०१९ च्या साध्या तारेऐवजी ०.०२० ची गुंडाळलेली तार घेऊन पाहावी. ताण जवळजवळ तेवढाच येतो, पण गाभा बारीक असल्याने स्वर कमी चढतो. आवाजही तिसऱ्या तारेशी अधिक मिळतो. याच कारणासाठी सहावी तार निवडताना हातात घेऊन ती किती लवचीक आहे ते पाहावे. षट्कोनी गाभ्याऐवजी गोल गाभ्याच्या तारा मिळाल्या तर त्या अधिक मऊ असतात. मात्र त्या कापण्यापूर्वी खुंटीपाशी काटकोनात मोडून घ्याव्या लागतात, नाहीतर वरचे वेटोळे सैल सुटते.

अंतिम उपाय अर्थातच लांबीचा आहे. २७ इंच लांबीची बॅरिटोन गिटार २५.५ इंचाच्या तुलनेत बरोबर एका अर्धस्वराचा फायदा देते, जणू नटच्या मागे आणखी एक पडदा जोडला आहे. पण आपण पांढरी एकपर्यंतच जाता. त्यासाठी नवे वाद्य घेण्याची गरज मला दिसत नाही. गायक जर त्याहून खाली, पांढरी सात किंवा काळी पाचला, उतरणार असतील तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा एक सवय लावून घ्या. गिटार कायम सी वरच ठेवा आणि काळी एकसाठी पहिल्या पडद्यावर, पांढरी दोनसाठी दुसऱ्या पडद्यावर कापो लावा. तारा रोज वर-खाली करण्याने सूर जितका हलतो तितका दुसऱ्या कशानेही हलत नाही. कापो स्क्रूने दाब कमी-जास्त करता येणारा असावा. जोरदार स्प्रिंगचा कापो या सैल तारांना दाबून चढवतो.

जाता जाता, आपण अभंगांना साथ करता म्हणून : यमन किंवा भूपाच्या अंगाची चाल असेल तेव्हा मध्यमाची तिसरी तार अर्धा स्वर उतरवून गंधारावर आणावी. तिथे शुद्ध मध्यम गुंजत राहिला तर गायकाची नजर चुकवणे कठीण जाते.

प्रश्नकर्त्याची नोंद, साडेतीन आठवड्यांनंतर : खर्जातला ठाणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रमाने जे केले ते इथे नोंदवतो. मीडियम संच घेतला, त्यातल्या मधल्या तीन तारा वापरल्या आणि ०.०१४ व ०.०१९ च्या साध्या तारा सुट्या घेतल्या. ०.०६२ कुठेच मिळाली नाही, ०.०६० मिळाली. नट एका कारागिराकडून हाडाचा नवा करून घेतला. मान मोजली तेव्हा जुन्या तारांवर सातव्या पडद्यापाशी फटच नव्हती, म्हणजे ‘रंधा आणि कानस’ यांचे निदान अचूक होते. नव्या तारांनी मान आपोआप काहीशी पुढे आली आणि ट्रस रॉड केवळ पाव फेरा सैल करावा लागला. खरखर जवळपास गेली आहे; अगदी आवेशात छेडले तर सहावी दुसऱ्या पडद्यावर कुरकुरते, पण अभंगात असा आवेश मला परवडतही नाही.

खुंट्या बदललेल्या नाहीत. नट झाल्यावर सूर टिकू लागला.

दुसरी तार मात्र ‘मंद्रसप्तक’ यांनी सांगितले तशीच वागली. ०.०१९ ची साधी तार तिसऱ्या पडद्यावर कोमल निषादाला ठळकपणे चढत होती, म्हणून परवा ०.०२० ची गुंडाळलेली चढवली. खालच्या पडद्यांवर आता समाधान आहे, पण बाराव्या पडद्यावर तीच तार किंचित उतरलेली ऐकू येते. हे कशाने होत असावे?

उत्तर ४ : रंधा आणि कानस

ते सॅडलमुळे आहे. आपल्या सॅडलवर दुसऱ्या तारेचा टेकू इतरांपेक्षा मागे कोरलेला असेल. तो साध्या तारेसाठी असतो, कारण तिला जास्तीची लांबी लागते. गुंडाळलेल्या तारेला तेवढी लागत नाही, म्हणून ती वरच्या पडद्यांवर उतरते. हाडाच्या नव्या सॅडलवर दुसऱ्या तारेचा टेकू पुढच्या कडेला, तिसऱ्या तारेच्या रेषेत आणावा लागेल. पण तार परवाच चढवली आहे, तेव्हा ती चार-सहा दिवस ताणून स्थिर होऊ द्या आणि नंतरच मोजा. मोजताना बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच हलक्या हाताने दाबलेला स्वर यांची तुलना करा. फरक तीन-चार सेंटच्या (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) आत असेल तर सॅडलला हात लावू नका. सध्या हवेत दमट पावसाळा असेल तर खोक्याची वरची लाकडी फळी फुगून तारांची उंचीही थोडी वाढलेली असते. अशा दिवसांत कोरलेले सॅडल हिवाळ्यात पुन्हा चुकते, म्हणून मी हे काम दिवाळीनंतरच हाती घेतो. खाली सॅडलला चिकटलेला पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारे साधन) असेल तर नव्या सॅडलचा तळ अगदी सपाट घासून घ्या, नाहीतर स्पीकरमधून एखादी तार मोठी आणि शेजारची लहान ऐकू येईल.